एजंट म्हणतो "जवळजवळ पक्कं", मग ते लिहून मागा

पत्र न्यू जर्सीहून आलंय. नाव, कॉलेज काही टाकू नका म्हणाल्यात, म्हणून ते गाळलंय. पत्र लांबलचक होतं, थोडं कापलंय, भाषा त्यांचीच, कंसातलं माझं.

"ताई नमस्कार. आमचा मुलगा वीस वर्षांचा आहे, जन्म इथलाच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) टीममधून बास्केटबॉल खेळतो. कॉलेज फार मोठं नाही पण स्कॉलरशिप पूर्ण आहे. या वर्षी तो एकदम चमकला, मॅचला सरासरी 19 पॉइंट, मंडळातले लोकसुद्धा मॅच बघायला यायला लागले. आता एक एजंट सारखा फोन करतोय की याच वर्षी एनबीएच्या (अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) नाव घाल, सेकंड राउंड जवळजवळ पक्कं आहे. शिवाय एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा कुणाकडून तरी निरोप आलाय की आमच्याकडे ये, चांगले पैसे मिळतील. मुलगा म्हणतो आत्ता नाही गेलो तर कधीच नाही. ह्यांचं एकच, आधी डिग्री घे, मग काय उड्या मारायच्या त्या मार. दोघांचं दोन आठवडे बोलणं बंद आहे आणि मी मधे पोस्टमनसारखी निरोप पोचवते. कोल्हापूरहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, पगार किती आणि पेन्शन आहे का. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. काय करू?"

ताई, तुमच्या पत्रातला एक शब्द मला टोचला, "जवळजवळ". एजंटच्या तोंडात हा शब्द आला की समजायचं की हातात काही नाहीये. ज्याच्या हातात असतं तो आकडा सांगतो, टीम सांगतो, किती वर्षांची गॅरंटी ते सांगतो.

थोडं गणित करू, घाबरू नका, सोपं आहे. एनबीएत 30 टीम. प्रत्येक टीममध्ये 15 पक्के खेळाडू, म्हणजे 450 नोकऱ्या, आणि त्याशिवाय प्रत्येक टीमला तीन जण "टू-वे" करारावर ठेवता येतात, त्याच्याकडे नंतर येते. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या, फेरीला 30, म्हणजे वर्षाला साधारण 60 मुलं निवडली जातात (कधी एखाद्या टीमला दंड झाला की 58 नाहीतर 59). आणि तिकडे डिव्हिजन वनची कॉलेजं साडेतीनशेच्या वर, प्रत्येकात तेरा-पंधरा मुलं, म्हणजे साडेचार हजारांच्या वर पोरं, आणि त्यात युरोप-ऑस्ट्रेलियातून येणारे वेगळेच. सर्बियाचा निकोला योकिच 2014 मध्ये 41 व्या नंबरला गेला आणि पुढे लीगमधला सगळ्यात भारी खेळाडू झाला, हे उदाहरण तुमच्या मुलाने तुम्हाला आत्तापर्यंत दहा वेळा ऐकवलं असेल. सगळी मुलं ऐकवतात. मला 41 व्या नंबरवाल्याचं कौतुक आहेच हो, पण त्याच्या पुढच्या-मागच्या नंबरवाल्यांची नावं कुणी सांगत नाही, आणि तुमचा मुलगा त्यातला कुठला ते आज कुणालाच माहीत नाही.

आता खरा मुद्दा. फर्स्ट राउंड आणि सेकंड राउंड ही एकाच जिन्याची वरची आणि खालची पायरी आहे असं लोकांना वाटतं. तसं नाहीये, मधे दरी आहे. पहिल्या फेरीत निवड झाली की पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतो, पहिली दोन वर्षं गॅरंटीड, तिसरं-चौथं वर्ष टीमच्या मर्जीवर. 30 व्या नंबरवाल्यालासुद्धा वर्षाला 20 लाख डॉलरच्या वर मिळतात, आणि पाय मोडला तरी ती दोन वर्षं मिळतात. दुसऱ्या फेरीत तक्ता नाही. काही जणांना चांगला करार मिळतो, 31-35 च्या आसपास गेलेल्यांना बऱ्याचदा गॅरंटीसुद्धा, पण ते सगळं वाटाघाटीवर. खाली घसरत गेलं की बहुतेकांच्या वाट्याला टू-वे, नाहीतर ट्रेनिंग कॅम्पचं आमंत्रण आणि मग जी लीग, म्हणजे एनबीएचीच खालची लीग.

टू-वे म्हणजे काय तर अर्धा पाय एनबीएत अर्धा जी लीगमध्ये, मुख्य टीमबरोबर जास्तीत जास्त 50 मॅच. 2024-25 च्या सीझनला टू-वेचा पगार होता पावणेसहा लाख डॉलरच्या आसपास, एनबीएतल्या नवख्याच्या किमान पगाराच्या बरोबर अर्धा. कमी नाहीये ते, आपल्या हिशोबाने तर अजिबातच नाही, पण करार छोटा असतो आणि आज आहे उद्या नाही. आणि नुसती जी लीग असेल तर सीझनला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर, राहायची जागा आणि मेडिकल मिळतं. तुमच्या भागात एवढ्या पैशात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाकीचे मग तुर्कस्तान, जपान, तैवान, कुठे कुठे जातात, चांगलं खेळतात, बरे पैसे कमावतात, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त विसाव्या वर्षी मुलाच्या डोक्यात जो फोटो असतो त्यात तैवान नसतं.

तैवानवरून आठवलं. सिम भुल्लर. कॅनडात जन्मलेला पंजाबी घरातला मुलगा, सात फूट पाच इंच, न्यू मेक्सिको स्टेटकडून दोन सीझन खेळला, त्याच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, गाजला, आणि कॉलेजची वर्षं शिल्लक असताना 2014 च्या ड्राफ्टमध्ये उतरला. तीसपैकी एकाही टीमने घेतलं नाही. मग एनबीएतल्याच सॅक्रामेंटो किंग्जने करार केला (त्यांचे मालक आपले मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे), जी लीगला तेव्हा डी लीग म्हणायचे, तिथे रीनोला खेळवलं आणि एप्रिल 2015 मध्ये दहा दिवसांच्या करारावर वर बोलावलं. भारतीय वंशाचा एनबीएत खेळलेला पहिला खेळाडू, इतिहासात नाव पक्कं. एकूण मॅच किती? तीन. पुढचं करिअर बरंचसं तैवानमध्ये. त्याच वर्षी आपला सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के गावचा, 52 व्या नंबरला डॅलसने घेतला, भारतात जन्मून ड्राफ्ट झालेला पहिला. पेपरात केवढे फोटो आले होते तेव्हा! एनबीएची एक मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. तो तर कॉलेजला न जाता फ्लोरिडातल्या अकॅडमीतून थेट आला होता. "सेकंड राउंड पक्कं" या वाक्याचा अर्थ प्रत्यक्षात काय निघू शकतो ते कळावं म्हणून ह्या दोघांचं सांगतेय, त्यांना नावं ठेवायला नाही.

आता माझं थोडं, कारण हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी सांगलीची. 1994 साली बी.कॉम. सेकंड इयरला होते, उंची पाच नऊ, म्हणजे स्थळं बघताना आईच्या डोक्याला ताप आणि कोर्टवर कोचच्या डोळ्यात चमक. एका मोठ्या ऑफिसच्या टीमने बोलावलं, खेळाडू कोट्यातून घेतो म्हणाले, आत्ता स्टायपेंडवर ये, वर्षभरात पर्मनंट "जवळजवळ पक्कं" आहे. हो, हाच शब्द. वडील म्हणाले आधी बी.कॉम. कर, मी म्हणाले आत्ता नाही गेले तर कधीच नाही. गेले. दीड वर्ष मस्त गेलं, खरंच मस्त, ट्रेनने देशभर फिरलो, हॉस्टेलवर राहिलो, आयुष्यातलं सगळ्यात भारी दीड वर्ष. मग उजवा गुडघा गेला. कागदावर मी कोण होते? कुणीच नाही. ज्या साहेबांनी शब्द दिला होता त्यांची बदली झालेली. बी.कॉम. मी अडतिसाव्या वर्षी पूर्ण केलं, मुलीचा दहावीचा अभ्यास आणि माझा अकाउंट्सचा पेपर एकाच टेबलावर. गेले याचा मला आजही पश्चात्ताप नाही, कागद न वाचता गेले याचा आहे. वडिलांनीही वाचला नाही, कारण ते माझ्याशी बोलत नव्हते. तुमच्या घरात काय चाललंय ते वाचून मला आमचं घर आठवलं, म्हणून एवढं लिहिलं.

बरं, आता तुमच्या मुलाकडे. त्याचं "आत्ता नाही तर कधीच नाही" हे दहा वर्षांपूर्वी बरंच खरं असतं, आज तेवढं राहिलेलं नाही, आणि हे तुमच्या नवऱ्यालाही माहीत नसावं. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिपशिवाय एक डॉलर घेता येत नव्हता, त्यामुळे गरीब घरातला मुलगा लवकर जायचा हे साहजिकच होतं, घरी आई दोन नोकऱ्या करतेय आणि हा फुकट खेळतोय, कोण थांबेल? 1 जुलै 2021 पासून एनआयएल आलं, म्हणजे स्वतःचं नाव, फोटो, प्रसिद्धी यावर खेळाडूला पैसे कमावता येतात. आणि जून 2025 मध्ये कोर्टाने जी तडजोड मंजूर केली तिच्यानंतर कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. परिणाम बघा. लवकर ड्राफ्टला उतरणाऱ्या मुलांचा आकडा 2021 मध्ये 353 होता (त्यात कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाचा गोंधळ होता, तरीपण), 2025 मध्ये तो 106 वर आला. एनबीएने स्वतः पोरांना कॉलेजऐवजी पगार देऊन खेळवायला जी लीग इग्नाइट नावाची टीम 2020 मध्ये काढली होती, ती 2024 मध्ये बंद केली, कारण कॉलेजमध्येच पैसे मिळायला लागल्यावर तिकडे जाणार कोण. म्हणजे ज्यांचं नाव वरच्या पंचवीस-तीसात नाही त्यातली बरीच हुशार पोरं सध्या थांबतायत, आणि थांबतायत ते अभ्यासाच्या प्रेमापोटी नाही.

(तुमचा मुलगा अमेरिकेतच जन्मलाय म्हणून हे सोपं आहे. भारतातून एफ-वन व्हिसावर खेळायला गेलेल्या मुलांना हे पैसे घेताना व्हिसाची अडचण येते, तशी कुणाची मुलं असतील तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, टीममेटला नको.)

तर मोठ्या युनिव्हर्सिटीचा तो निरोप. ती वाट मला एजंटच्या वाटेपेक्षा जास्त खरी वाटते, पण तिथेही डोळे उघडे ठेवा. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत, नाव जाण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचने खेळाडूशी बोलायचं नसतं, म्हणून तर निरोप "कुणाकडून तरी" आलाय, आणि असा निरोप उद्या नाकारायला अगदी सोपा. दुसरं म्हणजे पोर्टलमध्ये नाव घातलं की सध्याचं कॉलेज पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, त्यामुळे "बघू तर काय मिळतंय" म्हणून हौसेने नाव घालायची ती जागा नाही. पण छोट्या कॉलेजची चमकलेली मुलं मोठ्या ठिकाणी जातात हे आता रोजचंच झालंय. तुमच्याच जर्सी सिटीचं सेंट पीटर्स आठवतंय? 2022 ला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधराव्या मानांकनावरून शेवटच्या आठात पोचले, सगळा देश वेडा झाला होता, आणि उन्हाळा संपेपर्यंत त्या टीममधली बरीचशी मुलं दुसऱ्या कॉलेजात आणि कोचसुद्धा.

मोठ्या कॉन्फरन्समध्ये एक वर्ष खेळला तर एनबीएच्या लोकांना जे बघायचंय ते दिसेल. छोट्या कॉन्फरन्समधले 19 पॉइंट बघून त्यांच्या मनात पहिला प्रश्न काय येतो, तर समोर कोण होतं? त्याच्यापेक्षा उंच, त्याच्याएवढाच चपळ डिफेंडर समोर असताना हा काय करतो? हा प्रश्न तुम्ही मुलाला विचारू नका, भडकेल. कोचला विचारा.

थांबणं हा रामबाण उपाय आहे असंही मी म्हणत नाही. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचा आयव्हन रॅब 2016 मध्ये गेला असता तर पहिल्या चौदात जाईल असं बोललं जात होतं, तो परत आला, पुढच्या वर्षी 35 वा गेला. थांबण्यालाही किंमत असते, दुखापत होते, स्काउटना दोष सापडतात, आणि दर वर्षी अठरा-एकोणीसची नवी पोरं येतात ती वेगळी. 2025 चा पहिला नंबर कूपर फ्लॅग, ड्यूकला एकच वर्ष खेळला, त्याला कुणी थांब म्हणालं असतं तर मीच त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. पण रॅबकडे सोडायला काहीतरी होतं, फ्लॅगसमोर तर ताटच वाढलेलं होतं. तुमच्या मुलाच्या ताटात एजंटचं "जवळजवळ" आहे.

आणि दुसऱ्या बाजूला झॅक एडी. पर्ड्यूचा सात फूट चार इंचाचा सेंटर, 2023 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला, आणि त्याच वर्षी त्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच मॅचला पर्ड्यू हरलं कुणाशी, तर तुमच्या न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सनशी, सोळाव्या मानांकनाच्या टीमशी. लोकांनी हसून घेतलं. एडीने ड्राफ्टमध्ये नाव घातलं, सगळीकडे जाऊन आला, कानावर आलं की दुसऱ्या फेरीच्या आसपास, आणि मेच्या शेवटी नाव मागे घेऊन परत कॉलेजला आला. पुढच्या वर्षी पुन्हा देशातला सर्वोत्तम, टीम फायनलला, आणि ड्राफ्टमध्ये नववा. त्याने "जाऊ की थांबू" असा वाद घरात बसून घातलाच नाही, जाऊन विचारून आला.

तुमच्या मुलाने हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. नाव घालू दे. मागे घेता येतं. तुमच्या नवऱ्याला वाटतंय की नाव घातलं म्हणजे कॉलेज सुटलं, पूर्वी एजंटशी सही केली की खरंच सुटायचं, पण 2018 पासून नियम बदललेत. एनसीएएकडे, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी झालेल्या एजंटशी लेखी करार करून ड्राफ्टची चाचपणी करता येते आणि वेळेत नाव मागे घेतलं, एजंटचा करार संपवला, की परत येऊन खेळता येतं. "नोंदणी झालेला" हे महत्त्वाचं. तो सारखा फोन करणारा गृहस्थ त्या यादीत आहे का ते बघा आधी, पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर विषय संपला.

नाव द्यायची मुदत एप्रिलच्या शेवटी असते आणि पोर्टलही एप्रिलमध्येच बंद होतं, म्हणजे तुमच्याकडे दिवस फार नाहीत, आणि वाटलं तर मुलं दोन्हीकडे नाव घालतात. कोचमार्फत एनबीएच्या एका समितीकडून अंदाज मागवता येतो, अंडरग्रॅज्युएट ॲडव्हायझरी कमिटी म्हणतात तिला, टीमच्या लोकांना विचारून ते सांगतात की तू कुठल्या टप्प्यात जाशील किंवा जाणारच नाहीस. त्यात गोडगोड काही नसतं. मग मे महिन्यात शिकागोला कम्बाइन, म्हणजे टीमवाल्यांसमोरची चाचणी, तिथे सत्तर-पंच्याहत्तर जणांनाच बोलावतात. ते आमंत्रण आलं की नाही हाच तुमचा पहिला खरा निकाल समजा. साठ जागा, त्यातल्या काही बाहेरच्या देशांतल्या मुलांना जाणार, आणि पंच्याहत्तरातही तुमचा मुलगा नसेल तर एजंटचं "पक्कं" कशावर उभं आहे? आमंत्रण आलं तर जाऊ दे, मोजू दे उंची, पळू दे, मोठ्या पोरांसमोर खेळू दे, टीमवाल्यांशी बोलू दे. कम्बाइन झाल्यावर साधारण दहा दिवसांनी, मेच्या शेवटी, एनसीएएची नाव मागे घ्यायची मुदत असते. एनबीएची मुदत जूनमध्ये, त्याच्यानंतरची आहे, तिच्यावर विसंबू नका, कॉलेजला परतायचं असेल तर मेची तारीखच खरी. आणि हे नियम हल्ली दर वर्षी हलतायत, म्हणून कॉलेजच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या, ऑफिसकडून सगळ्या तारखा ईमेलवर घ्या. तोंडी नको.

मुदतीच्या आदल्या रात्री निकष एकच. एखादी टीम पहिल्या फेरीत घेते म्हणून एजंटला ठाम सांगतेय, किंवा दुसऱ्या फेरीच्या वरच्या भागात घेऊन दोन वर्षं पूर्ण गॅरंटीचा करार देते म्हणतेय, टीमचं नाव आणि आकड्यासकट, तर जाऊ दे त्याला आणि तुम्ही पेढे वाटा. यातलं काही नसेल तर परत, सध्याच्या कॉलेजला किंवा त्या मोठ्या युनिव्हर्सिटीला, आणि तिथलाही आकडा लेखी. टू-वेच्या आशेवर वीस वर्षांच्या मुलाने आज कॉलेज सोडू नये असं मला वाटतं, तेवढे पैसे मोठ्या कॉलेजात चांगल्या खेळाडूला आता मिळू शकतात. वर मॅचला तीस-पस्तीस मिनिटं खेळायला मिळतं, बाकावर बसून टॉवेल हलवायला लागत नाही. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हात तीन वर्षं राहिला, त्या तीन वर्षांत डिग्री पण उरकली, दोनदा चॅम्पियन झाला, आणि तरीही 33 वाच गेला, पण गेला तेव्हा तयार होऊन गेला, आज न्यूयॉर्क त्याच्या नावाने ओरडतं. तुमच्या घरापासून ट्रेनने तासाभरावर असेल त्याच्या टीमचं स्टेडियम, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मुलाला विचारा, त्याला सगळं पाठ असेल.

एजंटला फोन तुम्हीच लावा. हो, तुम्ही, ओ की ठो न कळणाऱ्या. कळणाऱ्या माणसाला एजंट शब्दांत गुंडाळतो, न कळणाऱ्या आईला त्याला साधं उत्तर द्यावं लागतं. विचारा, कुठल्या टीमशी बोललास, कुणाशी, ते काय म्हणाले, पगाराच्या किती गॅरंटीबद्दल बोलणं झालं, तुझी किती मुलं गेल्या तीन वर्षांत दुसऱ्या फेरीत गेली आणि त्यातली आज किती जण एनबीएत आहेत. कमिशनही विचारा, एनबीएच्या पगारावर कमाल 4 टक्के असतं पण जाहिरातीच्या पैशातलं त्याहून बरंच जास्त कापतात. आणि गप्प राहा. समोरचा किती वेळ बोलतो आणि त्यात आकडे किती येतात ते मोजा.

आता डिग्री, कारण घरातलं भांडण त्याच्यावरून आहे. तुमच्या नवऱ्याला वाटतंय आत्ता सुटली तर कायमची सुटली, माझी सुटली होती तशी. इथे तसं नाही, आणि हे त्यांना नक्की सांगा: एनसीएएच्या 2019 पासूनच्या नियमाप्रमाणे स्कॉलरशिपवरच्या बास्केटबॉल खेळाडूने किमान दोन वर्षं कॉलेज पूर्ण करून सोडलं आणि दहा वर्षांच्या आत परत आला, तर डिव्हिजन वनच्या कॉलेजने त्याला डिग्री पूर्ण करायला फीची मदत द्यायची असते, दुसरीकडून ती मिळत नसेल तर. अटी आहेत, त्या कम्प्लायन्सवाल्यांकडून समजून घ्या. मायकल जॉर्डन तीन वर्षांनी गेला आणि नंतर डिग्री घेतली, शॅकिल ओनीलने तसंच केलं आणि मग थेट डॉक्टरेटपर्यंत गेला, स्टेफ करीने 2009 ला सोडलेली डिग्री 2022 ला पूर्ण केली. विन्स कार्टरची गोष्ट तर मला फार आवडते, 2001 मध्ये प्लेऑफच्या सातव्या मॅचच्या दिवशी सकाळी पदवीदान समारंभाला नॉर्थ कॅरोलायनाला गेला, विमानाने फिलाडेल्फियाला आला, शेवटचा शॉट चुकला आणि टीम हरली, लोकांनी त्याला किती बोलून घेतलं! तुमच्या नवऱ्याला ही गोष्ट सांगा, त्यांना पहिला अर्धा भाग आवडेल, मुलाला दुसरा.

पण त्या नियमातलं "दोन वर्षं पूर्ण" हे नीट वाचा ताई, कारण तुमचा मुलगा आत्ता बरोबर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आहे. याच वेळी एजंट काय म्हणतात तर आता क्लास सोड, लॉस एंजेलिसला ये, दोन महिने ट्रेनरबरोबर राहा. बरीच मुलं इथेच सेमिस्टर सोडतात, आणि मग ना ड्राफ्ट, ना दोन वर्षं पूर्ण, ना कॉलेजला परतल्यावर खेळण्याइतके क्रेडिट. बापलेकात काहीतरी एकमत करायचं असेल तर यावर करा: ड्राफ्टला बाबांची हरकत नाही, सेमिस्टरच्या परीक्षा मुलगा देणार. दोघांनाही थोडं हरल्यासारखं वाटेल, चालेल. आणि तुम्ही पोस्टमनची नोकरी सोडा, आजच. दोघांना एका टेबलावर बसवा, कांदेपोहे करा, समितीचा जो काही अंदाज येईल तो कागद मधे ठेवा आणि बाबांना मोठ्याने वाचायला लावा. माझ्या वडिलांनी त्या स्टायपेंडच्या कागदावरून एकदा नजर जरी फिरवली असती तरी "यात पर्मनंट कुठे लिहिलंय" हे त्यांनी पहिल्या मिनिटात विचारलं असतं, बँकेत होते ते.

इन्शुरन्सचंही बघा. परत आला आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये वर जायची शक्यता दिसली तर दुखापतीने करिअर बंद पडल्यास पैसे मिळावेत अशी पॉलिसी असते, एनसीएएची स्वतःची योजना पण आहे. गुडघा काही सांगून जात नाही.

आणि सासूबाईंना सांगा की त्यांनी विचारलेला प्रश्न या सगळ्या प्रकरणात कुणीच विचारला नव्हता, मलाही तो वाचून आधी हसू आलं होतं. पेन्शन आहे. एनबीएत तीन सीझन भरले की खेळाडू पेन्शनला पात्र होतो. पगार किती ते मात्र मेच्या शेवटी कळेल, तोपर्यंत रोज फोन केला तरी चालेल म्हणावं.